अल्फान्सोची खुर्ची

ता. १ जानेवारी १८८८, रविवार. कल्याण.

मोठ्या कारकुनाचा खोकला कसा आहे? तसाच. दुसऱ्याचा गुडघा? सुजलाय, पण चालतोय. तिसऱ्याचं पोट? सुधारलं, मेलं. आणि दप्तरदाराचा डोळा? एक गेला, दुसऱ्याने भागवतोय.

ही आमच्या घरची संध्याकाळची विचारपूस! भाचा नाथा ठाण्याहून गाडीने आला, की माझी बहीण हौसाबाई त्याला पाणी देण्याआधी हे विचारते. इतकी माया तिने माझ्या दुखण्यात कधी दाखवली नाही.

नाथा सरकारी हिशेब तपासणीच्या कचेरीत उमेदवार आहे. उमेदवार म्हणजे काम पुरतं, पगार नाही. एखादी खुर्ची रिकामी झाली तरच नाव पटावर चढायचं, आणि खुर्ची रिकामी करायला आत बसलेल्याने मरायला तरी हवं, नाहीतर पेन्शनीत तरी जायला हवं. तीन वर्षं झाली, कोणी मनावर घेत नाही. एप्रिलात हिशेबाची परीक्षा आहे, ती वेगळीच. टिटवाळ्याच्या मुलीचा बाप म्हणतो, पगार दाखवा, मुलगी न्या. आधी पगार, मग अक्षता!

नाथा कचेरीत जायला लागल्यापासून आमच्या घरात तारखासुद्धा इंग्रजी झाल्या. तिथी विचारली तर भटजीकडे बोट.

ता. ८, रविवार.

आज गंमतच झाली. तो खोकणारा मोठा कारकून, अल्फान्सो, माझ्याच ओट्यावर येऊन बसला! सकाळची प्रार्थना आटोपून परस्पर गाडीने आला. नाथानेच बोलता बोलता त्याला सांगितलं होतं, मामा झाडपाल्याचं औषध देतात म्हणून. आता जीभ चावतोय.

मी काही शिकलेला वैद्य नाही. अक्षर शिकलो ते दुकानांच्या पाट्या वाचून, औषध शिकलो ते चुका करून. पण अडुळसा माझ्या हाताला चांगला येतो.

माणूस गोड आहे. नाथाला परीक्षेचे नियम हाच शिकवतो, तेही फुकट, दुपारची भाकरी खाता खाता. हौसाबाई आतून ऐकत होती. तो गेल्यावर म्हणाली, “दादा, औषध दे रे, पण जरा बेताने दे.”

मी म्हटलं, असलं बोलून वर देवापुढे दिवा लावतेस ना, तेल वाया जातं.

ता. १०, मंगळवार.

काढा उकळताना हौसाबाई दोनदा येऊन चूल मंद करून गेली.

ता. २२, रविवार.

अल्फान्सोचा खोकला निम्म्यावर आला. घरात सुतक असल्यासारखी शांतता! हौसाबाईने आमटीत मीठच घातलं नाही.

मात्रा वाढवायची म्हणून आज त्याला वय विचारलं. इकडेतिकडे बघून हळूच म्हणतो, “कचेरीतलं सांगू की खरं?”

मी म्हटलं, अडुळशाला कचेरी कळत नाही.

तर खरं अठ्ठावन्न, कचेरीत बावन्न! पंचावन्न झाली की सरकार घरी बसवतं, म्हणून नोकरीला लागताना बापाने सहा वर्षं झाकून ठेवली. यात पाप ते काय? आमच्याकडे कोण मोठं खरं सांगतं! माझा जन्म कधीचा, तर खाडीचं पाणी वेशीत आलं त्या सालचा. ते पाणी कधी आलं ते पाण्यालाच ठाऊक. पण या बिचाऱ्याचा बाप्तिस्मा झालेला, आणि तो तारखेनिशी देवळात लिहिलेला. अख्ख्या कचेरीत ज्याचं वय सिद्ध करता येईल असा हा एकटाच.

रात्री जेवताना मी हे हसत हसत सांगितलं. हौसाबाई हसली. नाथा हसला नाही. घास हातात धरून म्हणाला, “मामा, कुठलं देऊळ?”

ता. २ फेब्रुवारी, गुरुवार.

हिशेबात खोट सापडली की ती लिहून वर पाठवायची, तिला कचेरीत आक्षेप म्हणतात. चांगला आक्षेप काढील तो उमेदवार साहेबाच्या नजरेत भरतो. नाथाने आज काढला. पगाराच्या हिशेबातला आक्षेप — मोठा कारकून वय उलटूनही पगार घेतो.

मी त्याला फार बोललो. माझ्या घरात बसून मला सांगितलेलं ते! त्याच्या काढ्याचा वास अजून भिंतीला आहे!

तो खाली बघून म्हणाला, “त्यांनीच शिकवलंय, मामा. आक्षेप काढताना आकडा बघायचा, माणूस बघायचा नाही.”

शिकवणारे शिकवतात आणि हे नेमकं तेवढंच पाठ करतात.

ता. ७, मंगळवार.

नाथाला वाटलं होतं कागद थेट साहेबाच्या टेबलावर जाईल. जात नाही. प्रत्येक आक्षेप आधी मोठ्या कारकुनापुढे जातो. नियमाचा क्रमांक बरोबर आहे का ते त्याने बघायचं, सही करायची, मग वर.

अल्फान्सोने चष्मा लावला. वाचलं. नाथाने क्रमांक चुकवला होता. त्याने तो लाल शाईने खोडला, बरोबर क्रमांक लिहिला, सही केली आणि शिपायाला दिला. मग भाकरीचा डबा उघडून नेहमीसारखा म्हणाला, “बस रे. काल कुठवर आलो होतो आपण?”

हे नाथाने स्वतः सांगितलं. भात कालवला आणि तसाच टाकून उठला.

ता. १९, रविवार.

अल्फान्सो निरोप घ्यायला आला. खोकल्याचं नाव नाही. माझ्या हाताला असं यश कधी आलं नव्हतं, आणि इतकं कडूही कधी लागलं नव्हतं. आता वसईला बहिणीकडे, एमिलियाकडे राहणार. पेन्शनीचं काय होतं ते साहेब ठरवील तेव्हा.

हौसाबाई त्याचा पेला वेगळा ठेवायची. आज आमच्याच पेल्यातून पाणी दिलं. शरम आली की माणूस सोवळं विसरतो.

मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, “काळुरामभाऊ, वैद्याला वय सांगितलं त्यात काही चुकलं नाही. वैद्य घरी जेवतो, ते विसरलो.”

नाथा मागच्या दाराने बाहेर गेला होता.

ता. ५ मार्च, सोमवार.

साहेब नाथावर खूष! त्याने शेरा मारला — मोठ्या कारकुनाशिवाय काम चाललंच आहे, तर एवढा पगार सरकारने कशाला द्यावा? खुर्चीच काढून टाकली. नाथा होता तिथेच, उमेदवार. परीक्षेला महिना उरला, आणि नियम समजावून सांगणारं कचेरीत कोणी नाही.

आता भाचा म्हणतो, “मामा, वसईला तुम्ही लिहा. तुमचं ऐकतील ते.”

तीन कागद फाडले. चौथ्यावर एवढंच राहिलं: अल्फान्सोभाऊ, पोराला तुमच्याशिवाय कोणी नाही. मागायला तोंड नाही, तरी मागतो. त्याला रविवारी पाठवू का? हो म्हणा, नाही म्हणा, पण उत्तर लवकर पाठवा.