करपलेली भाकर कुणाच्या ताटात?

आत्याबाई,

'प्रिय' लिहू का नको, इथंच माझी गाडी अडली. जिवंतपणी कधी म्हटलं नाही, आता म्हटलं तर तुम्हीच म्हणाल, "हे काय नवीन काढलीस गं?" सासूला कुणी पत्र लिहितं का? पण विचारू तरी कुणाला? सोमवारी तुम्हाला जाऊन वर्ष होतंय. शेतात समाधीवर तुमच्या आवडीचं ताट ठेवायचंय, आणि तुम्हाला काय आवडायचं हे घरात कुणालाच ठाऊक नाही!

विषय काढला पूजाने, माझ्या शिवाच्या बायकोने. तुमची ही नातसून तुम्ही गेल्यावर घरात आली, तिने तुमचा फोटोच तेवढा पाहिलाय. "आज्जींच्या ताटात काय काय करायचं?" म्हणाली.

तुमचा लेक लगेच बोलला, "आईला शेंगाच्या पोळ्या लई आवडायच्या." अहो, त्या यांना आवडतात! शिवा म्हणाला, "न्हाई, आज्जीला भजी." ती शिवाची आवड. उदगीरला वन्संना फोन लावला. "पुंडीची भाजी! त्यात काय इचारायलाव?" ती अंबाडीची भाजी तर त्या माहेरी आल्या की तुम्ही त्यांच्यासाठी करायच्यात. ज्याने त्याने आपलंच ताट वाढून घेतलं.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. एका चुलीपाशी जन्म काढला, हिला तरी माहीत असेल. मला काय आठवलं सांगू? करपलेली भाकर.

सगळ्यांचं जेवून व्हायचं, दुरडीत तळाला दोन भाकरी उरायच्या. एक बरी, एक करपलेली. "तू ती पांढरी घे. मला करपल्यालीच गोड लागती," म्हणून तुम्ही काळं नखानं खरवडत बसायच्यात. मी नको म्हटलं की कन्नडात रागवायच्यात. रागावल्यावर तुम्हाला मराठी सुचायचीच नाही! खरंच गोड लागायची का हो? की पांढरी एकच उरायची म्हणून? तेव्हाच का नाही विचारलंस, म्हणाल. पण बाईमाणसाला आवड विचारायची रीत होती का आपल्या घरात?

आता भाकरी घरात कुणी थापत नाही. पूजा शाळेत शिकवायला जाते, माझं मनगट दुखतं. भालकीच्या बाजारात बायकांनी भाकरी केंद्र काढलंय, तिथून गरम येतात. एकदा त्यात एक करपलेली निघाली. पूजा ती बाजूला टाकायला लागली, तर मी म्हटलं, "राहू दे गं, मला करपल्यालीच गोड लागती." तुमचंच वाक्य! माझ्या तोंडात कुठून आलं, देव जाणे.

मी तुमच्यापुढं गप्प बसायची, ही पोर तशी नाही. सांगितलेलं खरं धरते. केंद्रात जाऊन बजावून आली, "आमच्या आईंना करपलेल्या आवडतात, त्यांच्या वेगळ्या ठेवत जा." तेव्हापासून रोज माझ्या ताटात काळी भाकर, वर तूप! इतक्या मायेनं वाढते की नाही म्हणवत नाही. हसू का रडू, सांगा?

परवा तिलाच वाटलं काहीतरी. म्हणाली, "आई, खरं सांगा, तुम्हाला काय आवडतं?" आत्याबाई, मला सांगताच आलं नाही. लई आठवून बघितलं, काही सापडेना. मग मला पोरीचाच राग आला. इतकं कामून विचारते? आणि लगेच वाटलं, मला हे आधी कुणी कसं विचारलं नाही? जिला स्वतःची आवड ठाऊक नाही, ती तुमचं ताट काय वाढणार? माझं डोकंच चालेना झालंय.

पण सोमवारचं एक कबूल करते. शेतात तीन दगडांची चूल मांडून भाकरी मीच थापीन, मनगटाचं काय व्हायचं ते होवो. पहिली टम्म फुगलेली, पांढरी, तुमच्या ताटात. तुम्हाला खरोखर करपलेलीच आवडत असली तर स्वप्नात येऊन कन्नडात भांडा, ऐकून घेईन. दुसरी पांढरी माझी. समाधीपाशी तुमच्या शेजारी बसून, गरम असतानाच खाईन.

आणि एखादी करपलीच, तर ती तुमच्या लेकाला वाढीन. गोड लागली का, तेही विचारीन.

तुमची सून,
महादेवी