घराण्यात कोण कोण

१३ जुलै, रविवार
जळगावचे डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप बदलावीच लागेल. प्र. हसला. (नवऱ्याचं नाव पुरतं लिहायची हिंमत अजून होत नाही, म्हणून प्र.) म्हणाला, "डॉक्टरसाहेब, जन्मभर लोकांच्या विहिरीवरच्या मोटारी खोलल्या, आता माझीच खोलायची का?" डॉक्टरही हसले. मला नाही हसू आलं. पारोळ्यापर्यंत बसची दांडी धरून बसले, उतरताना बोटं उघडेनात.
तारीख ५ ऑगस्ट. सासूबाई अडून बसल्या, कानबाईचा सण झाल्याशिवाय नको म्हणून.

१४ जुलै
ब्लाउजची बाही उलटी शिवली. पाटलीणबाई बोलून गेल्या. बोलू देत.
भीती कसली ते एकदा लिहूनच टाकते. तो जाईल, ही एक. आणि गेला तर कुठे जाईल, ही दुसरी. पहिली सगळ्यांना कळते. दुसरी कोणाला सांगू? घरात वाटतं मी रविवारी धुळ्याला अस्तर आणि दोरे आणायला जाते. प्रार्थनेला जाते हे एकट्या प्र.ला माहीत. दिवाळीपासून तोच स्टँडवर सोडतो. वर चिडवतो, "तुझ्या देवाला सांग, गिऱ्हाईक पाठव म्हणावं."

२० जुलै, रवि.
शांताताईंकडे प्रार्थना. (माझं ऑपरेशन झालं तेव्हा याच नर्सबाई उशाशी बसायच्या. माझं सगळं तिथून सुरू झालं.) आज त्यांनी वाचलं: "प्रभू येशूवर विश्वास ठेव, म्हणजे तुझे व तुझ्या घराण्याचे तारण होईल."
घराण्याचे! म्हणजे मी ठेवला की प्र. आलाच की आत. कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाला सासूबाई घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू टाकतात. तो शेतात असो, पुण्याला असो, मूठ पडली की तो धरला. तसंच हे.
येताना बसमध्ये पुडाभर शेंगदाणे खाल्ले. किती दिवसांनी भूक लागली.

२२ जुलै
न राहवून शांताताईंना फोन केला. मुठीचं सांगितलं. म्हणाल्या, "नाही गं बाई. दुसऱ्याच्या नावानं विश्वास ठेवता येत नाही. ज्याचा त्यानंच ठेवायचा."
"मग घराण्याचे असं का लिहिलंय?"
"पुढचं वाच."
दोन दिवसांचं सुख. गेली भूक पुन्हा.

२३ जुलै
पुढचं वाचलं. आधीचंही. ज्याला हे सांगितलं तो तुरुंगाचा अंमलदार आहे. धरणीकंप झाला, दारं उघडली, कैदी पळाले समजून तलवार उपसून जीव द्यायला निघाला. कोणी पळालं नव्हतं. मग कापत कापत त्या कैद्यांनाच विचारतो, तरायला काय करू? म्हणजे तोही माझ्यासारखाच भित्रा. जरा बरं वाटलं.
पण मग त्याच्या घरातल्या सगळ्यांना वचन सांगितलं, असं आहे. सांगितलं! आपोआप कोणी आत गेलं नाही. मी घरात काय सांगितलं? अस्तर महाग झालं म्हणून सांगितलं.

२५ जुलै
सकाळी चहाच्या वेळी विचारलंच. तुम्ही ठेवाल का विश्वास? प्र. बशी फुंकत म्हणाला, "तू ठेवस ना? मना वाटाना बी ठेव." माझ्या वाटचाही तूच ठेव म्हणे, हसण्यावारी नेलं. मी रडायला लागले तसा बशी खाली ठेवून म्हणाला, "वंदना, माले भ्याव दखाडीसन देव नको दखाडू."
खरं बोलला, भीती दाखवूनच देव दाखवत होते मी. म्हणूनच झोंबलं. दिवसभर मशीन चालवलं नाही.

२९ जुलै, नागपंचमी
रविवारी रोट. घरच्यांनीच खायचं, बाहेरच्याला कण द्यायचा नाही. मी नाही खाल्लं तर मी बाहेरची. आणि मंगळवारी ऑपरेशनच्या टेबलावर काही... तर सगळं गाव म्हणेल, सुनेनं कानबाई कोपवली. खाल्लं तर माझ्या देवाला काय तोंड दाखवू? इकडे आड, तिकडे विहीर.
शांताताई म्हणतात, "घाबरून खाऊ नकोस. घाबरून टाळूही नकोस. तुझं तू ठरव." ठरव म्हणे. घाबरल्याशिवाय मला पाणीसुद्धा पिता येत नाही सध्या.

२ ऑगस्ट, शनि.
सासूबाईंनी हाक मारली. समोर सुपात गहू. "आवंदा मना हात कापस. तू टाक मुठा, मी नाव लेस."
काय म्हणणार? बसले. पहिलंच नाव प्र.चं. मूठ वळता वळता दाणे सांडले. सांडलेले वेचता वेचता बोलून गेले, "माय, एखाद्याचा कानबाईवर विश्वासच नसला तर?"
"मी काय ईचारीसन टाकस का? ज्यानं नाव घरमा शे, त्यानी मूठ पडस."
दीर झाले, पुतण्या झाला. संपलं म्हणून मी हात झटकले. तर त्यांनी स्वतःच सुपात हात घातला. कापतच. अर्धे दाणे वाटेत गळले, पण मूठ टाकली. "हाई तुनी."
आमच्यात बाईची मूठ कधीच पडत नाही. त्यांची स्वतःचीही कधी पडली नाही. का म्हणून विचारेपर्यंत सूप उचलून जात्याकडे गेल्या.
काही कळलंय का यांना?

३ ऑगस्ट, रवि.
आज धुळ्याला गेले नाही.
रोट झाले. घमघमाट. ताटं मांडताना धीर केला. आज नाही तर कधीच नाही. "माय, मला एक सांगायचंय. मी रविवारी धुळ्याला जाते ना, ते..."
"माले माहित शे." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, तूप वाढत होत्या. "दर ऐतवारले इतलं अस्तर कोन आनस? गावमा तितल्या बाया बी नहीत." प्र. तिकडे तोंड फिरवून हसला. "पहिले जेव. मंग सांग काय सांगस ती. मी आयकस."
हात धुते म्हणून आत आलेय आणि उभ्या उभ्या लिहितेय.
माहीत होतं. माहीत असून मूठ टाकली.
आणि मी? दिवाळीपासून रोज मागते, प्रभू, माझ्या घराण्याला तार. त्या घराण्यात कोण होतं? प्र. होता. नुसता प्र. या म्हातारीचं नाव एकदाही घेतलं नाही मी. आठवलंसुद्धा नाही.
गिरजाबाई. आज घेतलं. इथेच, ओल्या हातानं.
भीती काही गेली नाही. परवाचा मंगळवार आहेच. बाहेर ताटात रोट आहे, आणि काय करणार ते अजून माझं मला माहीत नाही. पुतण्या ओरडतोय, भूक लागली म्हणून. सासूबाई त्याला म्हणतायत, "थांब. तिले येऊ दे, मंग बठ्ठा संगेच बसू."