गंगूमायची जागा

कामरगाव,
११ फेब्रुवारी २०२४

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि. आणि जय भीम.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहिते. इथल्या शाळेत बदली झाल्यापासून मी सुट्टीच्या दिवशी धनजला जाते आणि तुमच्या आईला, गंगूमायला, कुठे मातीआड केलं ते विचारत फिरते. आपल्या वस्तीतली म्हातारी माणसं एकच सांगत: जुनी दफनाची जागा नाल्यानं नेली. आपल्या घरीही तेच सांगत आले.

काल मात्र नाल्याजवळच्या वावराचे मालक माणिकराव यांनी मला बोलावून घेतलं. तुमच्याच वयाचे आहेत, कमरेनं अधू. त्यांचा नातू पवन वावराच्या खोलगट कोपऱ्यात शेततळं खोदणार होता. जेसीबी आला तेव्हा म्हाताऱ्यानं तिथेच बाज टाकायला लावली आणि ते तिच्यावर बसून राहिले. पवननं चिडून कारण विचारलं, तेव्हा म्हणाले, इथे गंगू निजली आहे.

ती जागा त्यांनी कधीच नांगरली नाही. का, ते मात्र तिच्या लेकालाच सांगणार म्हणतात. पवनला पावसाळ्याआधी खोदायचंय, तो फार थांबणार नाही. आजोबा, याल ना?

तुम्ही गोळ्या चुकवता असं आईनं कळवलंय. इथून मला दिसत नाही असं समजू नका. माझ्यावरचा लोभ आहे तेवढा ठेवा, थोडा वाढला तरी चालेल.

तुमची नात,
स्नेहा


बल्लारपूर,
१८ फेब्रुवारी

चि. स्नेहास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी बराच वेळ ओसरीवर बसून राहिलो. तुझ्या आईला वाटलं, कोणी गेलं की काय.

आई तापानं गेली तेव्हा मी पुरता कळता नव्हतो. बाबा मला घेऊन इथे खाणीवर आले आणि तेही लवकर गेले. आईविषयी बोलणं राहूनच गेलं. तिचा चेहरा मला आठवत नाही. पुरानं तिची मातीही नेली, असंच मनाशी धरून मी म्हातारा झालो.

पण पोरी, आनंदाच्या आधी शंका आली. ज्यांनी आम्हाला विहिरीच्या कठड्याला हात लावू दिला नाही, त्यांच्यातल्या माणसानं माझ्या आईसाठी वावराचा कोपरा पडीक का ठेवावा? उपकार असेल तर मला नको. त्यांना म्हणावं, कारण कळवा, मग येतो.

गोळ्या घेतो आहे. लोभ वाढवायला आता जागा उरलेली नाही, आहे तोच भरपूर आहे.

तुझा आजोबा,
इंद्रभान


धनज,
२७ फेब्रुवारी

इंद्रभान यांस माणिकरावचा जय भीम.

माहा हात कापते म्हून पवन लिहून राह्यला. मी सांगतो तसंच लिही म्हटलं त्याले.

मी झालो तवा माही माय प्रयागबाई आजारी पडली. तिले दूध आलं नाई. तुमी तवा तुमच्या मायच्या अंगावर होते. माह्या मायनं गंगूले मागच्या दारानं बोलावलं. एका बाजूले तुमी, एका बाजूले मी, असं तिनं मले पाजलं, जगवलं. आमच्या घरात तिचं दूध चाललं, तिच्या हातचं पानी नाई चाललं. पवन इथं लिवता लिवता थांबला. म्या म्हटलं, लिही.

गंगू गेली तवा नाल्याले पूर होता, पलीकडं तुमच्या दफनाच्या जागेवर जाता येत नव्हतं. माह्या मायनं आपल्या वावरात जागा देल्ली. कोनाच्या डोळ्यावर येऊ नये म्हून खूण ठेवली नाई. मी मोठा झालो तवा मले मात्र बजावलं, तिथं नांगर घालू नको. तुमी कुठं गेले ते आमाले ठाव नव्हतं.

तुमी उपकार म्हनता. उपकार तिचा हाय, माह्यावर. शेततळं दुसरीकडं होईन, पवननं आपल्या मनानं सांगितलं. तुमी या. याच्याहून जास्त मागत नाई.

माणिकराव


बल्लारपूर,
२४ मार्च

चि. स्नेहास,
अ. उ. आ.

मुलांच्या परीक्षेमुळे तुला मला माणिकरावांच्या वावराच्या धुऱ्यावर, बांधावर सोडून लवकर परतावं लागलं, म्हणून पुढचं सांगतो.

तू गेल्यावर मी तिथे मेणबत्ती लावली, त्रिशरण म्हटलं. मग आईला सगळं सांगत बसलो: खाणीतली नोकरी, तुझ्या आजीचं जाणं, तू मास्तरीण झालीस ते. भोवती तुरीचे खुंट होते आणि तेवढ्याच जागेवर गवत, बोरीचं झाड. पवननं माणिकरावांना उचलून आणलं. त्यांनी हात जोडून मला विचारलं, "मले तिचे पाय शिवू द्या."

मी म्हणालो, "तुमी तिच्या मांडीवर वाढले, मले काय विचारता?"

त्यांनी मातीला डोकं टेकलं आणि किती तरी वेळ वर उचललं नाही. शेजारच्या वावरातल्या बाया काम सोडून बघत होत्या. पवनही मग वाकला.

विहिरीचा राग गेला असं नाही. तो माझ्याबरोबरच जाईल. पण प्रयागबाईंनी जागा दिली, लेकानं ती राखली, आणि तू रविवारचा आराम सोडून उंबरे झिजवलेस. तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू, मला समजत नाही.

परतताना एसटीत शेजारच्यानं कानाशी मोठ्यानं विचारलं, "कोनाकडे गेलते बाबा?" ‘माझी आई’ असं म्हणायची सवय मला आयुष्यभराची. पण तोंडून निघालं, "आमच्या मायकडे."

तुझा ऋणी,
इंद्रभान