तिसरीला दुपारी काय होतं

प्रिय धाकटे,

थोरलीचा तुला आशीर्वाद, आणि तुझ्या कंबरेला वेगळा. ती आता वाकते का, की अजून तुझ्यासारखीच ताठ आहे? आमच्याकडे माझे गुडघे सोडून सगळे बरे आहेत. पत्र नात लिहिते आहे. अक्षर तिचं, शहाणपण माझं. चुका निघाल्या तर अक्षराच्या समज.

ही नात काय काम करते ते मला परवा कळलं. खिडकीच्या खोलीत तिने तीन कॉम्प्युटर मांडलेत. वरून तिघी सारख्या, पण प्रत्येकीच्या आत घर चालवायची रीत निराळी. (तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. तू लक्षात ठेवू नकोस, मीही ठेवणार नाही.) दवाखान्यात पेशंटची नावं नोंदवायचा एक प्रोग्राम आहे. तिघींना तेच काम द्यायचं आणि कुणाला किती वेळ लागतो ते टिपायचं. हे पूर्वी सासवा फुकट करीत. हिला पगार मिळतो. शिवाय घड्याळ घेऊन बसावंही लागत नाही. वेळा लावून ठेवल्यात: पहिली दहाला, दुसरी बाराला, तिसरी दोनला, सगळं आपोआप. ही तेव्हा ऑफिसात. संध्याकाळी येते, निकाल वाचते आणि तोंड पाडून बसते.

कारण सोमवारी प्रोग्रामची नवी आवृत्ती आली आणि तिसरी रडायला लागली. पहिल्या दोघी चार मिनिटांत मोकळ्या, हिला अकरा. चारही दिवस तेच. आवृत्ती लिहिणारा चष्मेवाला (एकदा घरी आला होता, माझ्या हातचा चहा मागून घेतला, मुलगा चांगला आहे) तीनदा सगळं उसवून पुन्हा शिवून बसला. तरी अकरा. उद्या शुक्रवारी नातीने लिहून द्यायचंय की याचं काम नापास. मग ते काम त्याच्या हातून जाणार, म्हणून ही ताट अर्धं टाकून उठते. मी म्हटलं, "अगं, दुपारी दोनला कुणाला उत्साह असतो?" तर म्हणाली, "आजी, मशीनला झोप येत नाही." मला येते, एवढंच मी म्हटलं. आपण कशाला मध्ये तोंड घालावं?

बाकी क्षेम.

तुझी थोरली

ता.क. तुझ्याकडची जाड रजई पाठवून दे. सोमवारपासून मी दुपारची खिडकीच्या खोलीत निजते, वारा छान येतो. पण दोनच्या ठोक्याला ती तिसरी अशी घरघरते की डोळ्याला डोळा लागत नाही. मी माझी रजई तिच्यावर चारी बाजूंनी खोचते आणि उठले की घडी करून ठेवते. पण ती पातळ पडते, आवाज येतोच. हात लावावा तर बिचारी तव्यासारखी तापलेली. (हे नातीने मला तीनदा सांगायला लावलं. हल्ली तिला कमी ऐकू येतं वाटतं.)

आणखी एक. पत्र मध्येच अर्धा तास थांबलं होतं. तिसरीला रजईशिवाय पळवून पाहिलं; पहिल्या दोघींच्या आधी आली. नातीने चष्मेवाल्याला फोन केला. त्याने सगळं ऐकून आधी माझी तब्येत विचारली म्हणे. उद्या कुणी नापास नाही. कॉम्प्युटरांच्या वेळापत्रकात आता माझीही नोंद झाली आहे: दोन ते तीन, आजी, स्वयंपाकघराशेजारची खोली.

तिथे फ्रिज घरघरतो. तेव्हा रजई पाठवच.