एका घरातले तीन उपास

एकोडी,
संक्रांतीनंतरचा रविवार

प्रिय दामिनी,

तुझं लग्न वैशाखात पक्कं झालं, हे ऐकल्यापासून तुझी आजी एका जागी बसून नाही. म्हणजे बसलेलीच असते, अंगणात खाटेवर, उन्हाकडे पाठ करून. पण मनानं साऱ्या एकोडीत फिरून येते. शेजारच्या आनंदाबाईले मी ही बातमी इतक्यांदा सांगितली की काल ती म्हणे, "काय वो सत्यभामाबाई, लग्न नातीचं आहे का तुमचं?" म्हटलं, माझंच समजा, अन् आहेर तेवढा चांगला आणा. धनंजयचा फोटो तुझ्या आईनं मोबाइलवर मोठा करून दाखवला. पोरगा चांगला आहे. नाक जरा मोठं आहे, असू दे. तुझ्या आजोबाचं बी मोठं होतं. एवढं मोठं नाक, पण त्याच्यावर राग बसलेला मी कधी पाहिला नाही.

तू म्हणशील, घरात दोन दोन फोन असताना आजीले पत्र कायले सुचलं. बेटा, फोन असते तुझ्या बापाच्या हातात. अमर तो स्पीकरवर टाकते अन् बाजूले उभा राहते. उभ्या माणसासमोर काही गोष्टी तोंडातून निघत नाही. शिवाय माझा आवाज आजकाल बसल्यासारखा येते, तू विचारतेच, अन् मग साऱ्यायले थंडीवर ढकलावं लागते. म्हणून चौथीतलं अक्षर बाहेर काढलं. काना मात्रा चुकला तं तू तुझ्या मनानं दुरुस्त करून घेजो. आनंदाबाई उद्या साकोलीले जाऊन राहिली, तिच्या हातानं पोस्टात टाकते. तिले सांगितलं की नातीले आशीर्वाद लिहिले. ते बी खोटं नाही.

दिवाळीत तू आली होती तेव्हाचं मले राहून राहून आठवते. सकाळी मी चिवड्याचं ताट पुढं केलं तं तू हात मागे घेतला. म्हणे, "आजी, बारा वाजेपर्यंत नाही, माझा उपास आहे." त्या उपासाचं इंग्रजी नाव काही मले लिहिता येत नाही. मी विचारलं, देव कोणता? तू म्हणे, देव नाही आजी, लेहंगा आहे. मग तू समजावून सांगितलं, रात्री आठनंतर काही नाही, दुसऱ्या दिवशी बारापर्यंत काही नाही, जे खायचं ते मधल्या वेळात. बारा वाजायच्या आधीच तुझं पोट असं गुरगुरलं की माझ्याजवळ झोपलेलं मांजर उठून बसलं. मी म्हटलं, अवो पोरी, पोट बोलून राहिलं, त्याचं ऐक. तू म्हणे, अजून टाइम आहे. मग फोन चिमणीसारखा वाजला अन् तू ताटावर अशी बसली की तुझ्या आईले दुसऱ्यांदा भात मांडावा लागला. भाऊबीजेनंतर गावात मंडईची जत्रा भरली, त्या रात्री मात्र तू भज्याच्या कढईजवळ गेली, वास घेतला, घड्याळ पाहिलं अन् तशीच परत आली. तेव्हा मले राग आला होता. कढईतलं भजं काय घड्याळ पाहून फुगते?

आता खाटेवर बसून बसून मले वाटते, उपासाचे बी किती परकार आहेत. आनंदाबाईचा उपास तुले माहीत आहे. त्या दिवशी तिच्या घरची चूल विझत नाही. साबुदाणा, भगर, रताळी, दाण्याचे लाडू, अन् संध्याकाळी म्हणते, "उपासानं अंगात ताकद नाही राहिली वो." तुझ्या आजोबाची गोष्ट वेगळी. त्यांनी जन्मात एक उपास केला नाही. भूक लागली की धानाच्या बांधीतून सरळ घरी, मग सूर्य कुठंही असो. अन् नाही लागली तं ताटावर बसवूनही उपयोग नाही. अर्धा भात उरवून उठून जात. माझी सासू म्हणे, तेजराम, अन्नाचा अपमान करतं का? ते म्हणत, माय, पोटाचा बी करता येत नाही न. मले ते लाडाचं बोलणं वाटे. माणसाले परवडते असं बोलणं, त्याच्यामागून जेवणारं कोणी असते.

त्यांच्यामागून जेवणारी मी. माझी भूक किती, हे मी कधी पोटाले विचारलं नाही, गंजाले विचारलं. गंजात जेवढा भात उरला तेवढी भूक. जास्त उरला तं फेकायचा नाही म्हणून खायचा, कमी उरला तं पाणी प्यायचं. सोमवार माझा लग्नाच्या आधीपासूनचा. सोमवारी खायचं नाही म्हणून दिवसभर भूक लागे, अन् मंगळवारी ताट पुढं आलं की ती कुठं पळून जाई देव जाणे. सांगते कायले, तं रडायले नाही. मले हे सारं आत्ता आत्ता समजून राहिलं, अन् या वयात नवीन काही समजलं की मले फार मजा वाटते.

गेल्या पावसाळ्यात धानाच्या रोवण्यात बांधीच्या धुऱ्यावर बसून शिळा भात खाऊन राहिली होती, तं एक घास छातीत अडकला. पाण्यानं उतरला. वाटलं घाईत खाल्लं. मग रोटी अडकायले लागली, मग भात बी. कोणाले सांगायचं म्हणजे साऱ्या घराचं काम थांबवायचं, अन् रोवणा काय थांबते? मी म्हटलं आजपासून माझा गुरुवार बी आहे. मग शनिवार धरला. मग एकादशी दोन्ही. तुझी आई रूपा कौतुकानं शेजारी सांगे की आईचं मन देवाकडे लागलं. देवाचं नाव निघालं की बाईले कोणी आग्रह करत नाही, एवढं मले माहीत होतं. दिवाळीत तू माझा दंड धरून म्हणे, "आजी, तू तं माझ्यापेक्षा पुढे गेली! किती किलो उतरवले?" अन् आपल्या दोघींचा फोटो काढून मैत्रिणींले पाठवला. मी खूश झाली. खरंच झाली. म्हटलं, आजी अन् नात एकाच उपासात, अशी गोष्ट साऱ्या एकोडीत नसन.

तू पुण्याले गेली त्याच आठवड्यात पाणी बी अडकायले लागलं, अन् मग अमरनं मले नागपूरले नेलं. मोठ्या दवाखान्यात गळ्यातून दुर्बीण घातली. परत आलो तेव्हापासून घरात सारे कसे गोड बोलायले लागले! तुझ्या आईचा हात तेलाले आखडता, तुले माहीतच आहे, ती सकाळी उठून विचारते, "आई, आज काय खावंसं वाटते?" आनंदाबाई लाखोळीच्या कोवळ्या पाल्याची भाजी घेऊन आली, वरून लसणाची फोडणी. अमरले मी गमतीनं सिंगाडे म्हटलं, तं तो अड्याळच्या बाजारापर्यंत जाऊन शोधून आला. पहिले पहिले मले असं वाटे की मी राणी झाली. मग एका दुपारी आठवलं की मले हे कोणी आधी कधी विचारलं होतं. तुझा बाप पोटात होता तेव्हा. सासूनं विचारलं होतं, काय खावंसं वाटते गं? त्याच्यानंतर इतक्या वर्षांत कोणी नाही. अन् आता माझं वय काही डोहाळ्याचं नाही. बाईले असं विचारण्याची दुसरी वेळ कोणती, ते मी माझ्या सासूच्या खाटेजवळ बसून पाहिलं आहे.

घाबरू नको. लिहिते आहे म्हणजे अजून बसता येते. अन्नाच्या नळीत गाठ आहे. कोणती गाठ, ते अमर तोंडातून काढत नाही, मी बी विचारत नाही, पण दवाखान्याच्या पाटीवर लिहिलेलं वाचता येते मले. तुले त्यांनी सांगितलं नाही, कारण पोरीच्या आनंदाले नजर लागू नये म्हणतात. त्यांच्यावर रागावू नको. लपवता लपवता तुझ्या आईचे डोळे आत गेले.

नागपूरची डॉक्टरीण तुझ्याच वयाची आहे, मऊ बोलणारी. तिनं अमरले सांगितलं की गाठ आता निघण्यासारखी नाही. पोटाले लहानसं भोक पाडून रबरी नळी घालता येते, तिच्यातून पातळ अन्न सोडलं तं आजी थोडे महिने जास्त काढतील, पण तुम्ही घरी बसून बोला अन् आजीले विचारा. मग माझ्याकडे पाहून म्हणे, आजी, भूक लागते का हो तुम्हाला? मी तोंड उघडायच्या आत अमर म्हणाला, "लागते न मॅडम, तिले भूक लागते." ती माझ्याकडेच पाहत राहिली. मी अमरकडे पाहिलं. त्याचा चेहरा असा होता की माझ्यानं नाही म्हणवलं नाही.

घरी येऊन एकदा म्हटलं. ताटावरच म्हटलं, तीच चूक झाली. म्हटलं, अमर, मले ती नळी नको. तो हात धुवून उठला. रूपा म्हणे, "असं काय करता जी, दोन घास तं खा." तो म्हणे, "आई जेवत नाही अन् मी जेवू?" तेव्हापासून तो एकच वेळ खाते. ज्यानं कधी शिवरात्र पाळली नाही, त्यानं नवस धरला आहे की आई लग्नात अक्षता टाकीन तेव्हाच रात्रीचं ताट घेईन. धान चुरायचे दिवस, पोती उचलायची, अन् पोटात दुपारचं तेवढं. परवा खळ्यावर भोवळ येऊन बसला, वर मलेच म्हणे पाय घसरला. तर पाहय, तुझा लेहंग्यासाठी, त्याचा माझ्यासाठी, अन् माझा कोणासाठीच नाही. एका घरात तीन उपास, अन् सयपाक करणारी रूपा एकटी गंजाकडे पाहत बसते.

आता नळी काहून नको ते सांगते. एक कारण हे, की नळीच्या भरवशावर वैशाखापर्यंत ओढली अन् नेमकी तुझ्या हळदीच्या दिवशी गेली, तं सुतकात मांडव कोण घालीन? हसली का? हे कारण बापाले सांगजो नको, त्याले हसू येणार नाही. खरं कारण साधं आहे. मले भूक नाही, बेटा. दुखते म्हणून नाही, रुसली म्हणून नाही. पोट पहिल्यांदाच माझ्याशी बोललं अन् ते बस म्हणून राहिलं. मी अजून घास तोंडात घेते, चावते, चव घेते, अन् पदराआड वाटीत टाकून देते. लाखोळीची भाजी अजून लाखोळीसारखीच लागते. तेवढं मले पुरते. जिभेले न विचारता खालून भरायचं, ते मले जेवण वाटत नाही. तुझ्या लग्नात बसायचं मन नाही का? इतकं आहे की लिहिताना हात थांबला. पण मन एक म्हणते अन् पोट एक, अन् आजपर्यंत मी पोटाचं एकदाही ऐकलं नाही.

या महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी अमर मले नळी टाकायले नेणार आहे. हे पत्र तेवढ्यासाठीच लिहिलं. माझं तो ऐकत नाही, उठून जाते. तुझं ऐकते. लहानपणापासून तू नाही म्हटलं की त्याच्यानं तुले एक घास कोंबवला नाही, तो तुझ्या पुढे हरते. म्हणून तू मंगळवारच्या आधी ये. फोनवर सांगू नको, समोर बसून सांग की आजीले नळी घालायची नाही, तिनं मले लिहून दिलं आहे. अन् लग्नाची तारीख हलवायची नाही, हे बी सांग. तो आधी भांडन, मग तुझ्या आईवर ओरडन, मग बोडीकडे, तळ्याच्या पाळीवर, निघून जाईन. जाऊ दे. परत येईन तेव्हा रडून आला असन, अन् रडलेल्या माणसाले भूक लागते. त्या वक्ती त्याले काही विचारू नको, ताट मांड अन् वाढत राह. तो पुरे म्हणेपर्यंत वाढत राह. अन् पुरे म्हटलं, की थांब.

तुझीच,
आजी