अकरा महिन्यांचा चुना

मी, नुमेरिउस अविलिउस केर्दो, वय वर्षे एकसष्ट, धंदा इमारती बांधण्याचा, राहणार कापुआ, माझ्यामागे काय कोणाचे व्हावे ते या मेणाच्या पाट्यांवर स्वहस्ते लिहून ठेवत आहे. बुद्धी ठिकाणावर आहे. अक्षर वाकडे आले आहे ते वयामुळे नाही, भीतीमुळे.

माझी वारस माझी एकुलती मुलगी अविलिया तेर्तुल्ला. नदीकडच्या गल्लीतले घर तिचे. मागचा जिना तिने जपून उतरावा. चौथी पायरी अर्धे बोट उंच आहे. तिची आई तिथे जन्मभर अडखळली आणि जन्मभर मला बोलली, "गावाची देवळं बांधता, आणि घरात एक पायरी सरळ येत नाही होय तुम्हाला?"

वास्तुकार स्तालिउस याला काहीही देऊ नये. त्याने माझ्या कमानींना भरसभेत लंगड्या गाढवाचे पाय म्हटले होते. माझ्या तिरडीला खांदा द्यायला आला, तर जड बाजू त्याला द्यावी.

माझा गुलाम होरमुस, बांधकामावरचा मुकादम, माझ्या मरणानंतर स्वतंत्र होईल. ओळंबा, गुण्या आणि पाणसळ ही माझी अवजारे त्याला द्यावी. मीही गुलामीतून असाच सुटलो होतो. धनी गेला, पाट्या उघडल्या, त्यात माझे नाव निघाले.

आता जे तोंडाने सांगायची छाती झाली नाही ते लिहितो.

नव्या स्नानगृहाच्या घुमटात मी अकरा महिन्यांचा चुना वापरला आहे. चुना हौदात तीन वर्षे मुरल्याशिवाय वापरायचा नाही, हे आमच्यात सगळ्यांना पाठ असते. कोवळ्या चुन्यातले खडे मागाहून फुगतात आणि बांधकाम आतून फोडतात. पण नगराधिकारी पाक्विउस याला वसंतोत्सवाला उद्घाटन हवे होते, आणि मला घुमटावर माझे नाव हवे होते. होरमुसने सांगितले होते.

"मालक, चुना कोवळा आहे. फावड्याला खडे लागतायत."

"तू मुकादम आहेस की माझा बाप?"

"बाप असतो तर कान पिळला असता."

गवंडी हसले, मीही हसलो, आणि माल वर चढला.

आठ दिवसांपूर्वी घुमटात केसाएवढ्या दोन चिरा दिसल्या. मी स्वतः शिडीवर चढून त्यांवर गिलावा फासला. उद्या सकाळी घुमट तोलून धरणारा खालचा लाकडी साचा काढायचा आहे. पाचरी ठोकून काढणार होरमुस. आठ दिवस मला घास गिळवत नाही. शेजारी भांडे पडले तरी घुमटच कोसळला असे वाटून दारात धावतो.

आज दुपारी सात साक्षीदार येतील, न वाचता आपापली मुद्रा उठवतील, आणि मी मरेपर्यंत या पाट्या कोणी उघडणार नाही. आपल्याकडे रीतच तशी. त्या रीतीच्या आडोशाला मी खरे सांगून मोकळा होणार होतो. पण घुमट उद्या कोसळला तर होरमुस माझ्या आधी मरेल. त्याला स्वातंत्र्य देऊन मग काय उपयोग? मी भेकड आहे.

पुढचा मजकूर साक्षीदार जमल्यावर लिहिला आहे.

मी सगळे मोठ्याने वाचून दाखवले. सातांत पाक्विउसही होता. मुद्रा न उठवताच त्याने आपली अंगठी पुन्हा बोटात घातली.

"मरायचं तर गुपचूप मर ना, केर्दो. साचा उद्याच निघणार. तुझा गुलाम करारात नगराला दिलेला आहे. तू नाही म्हणालास तरी तोच काढेल."

सात मुद्रांशिवाय मृत्युपत्र चालत नाही. सातवा साक्षीदार म्हणून शेजारच्या पाववाल्याला हाक मारली, तर त्याने दुकानाची फळी ओढून घेतली. तेर्तुल्लाला घर तसेही मिळेल, ती पोटची आहे. होरमुसला मात्र काहीच मिळणार नव्हते. पण मित्रांसमोर तोंडी सांगूनही गुलाम सोडता येतो.

म्हणून मी होरमुसला पुढे घेऊन उरलेल्या सहा मित्रांसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "हा माणूस आजपासून स्वतंत्र आहे." आवाज इतका बारीक निघाला की म्हाताऱ्या विबिउसने विचारले, "काय म्हणालास?" मी पुन्हा म्हणालो.

 होरमुस पाक्विउसकडे वळला.

"गुलाम होतो तोवर करारात होतो, सरकार. आता पाचरीला मी हात लावणार नाही. तुम्हाला घाई असेल तर हातोडा साच्याखालीच ठेवलाय."

चुन्याचे सगळ्यांनी ऐकले होते, दुसरा कोणीही साच्याखाली जायला तयार झाला नसता. साचा राहू द्या, एवढेच पाक्विउस म्हणाला आणि गेला.

घुमटावर माझे नाव कोरू नये. मला अजून भीती वाटते, पण आज दोन घास खाल्ले.

साक्षीदार, मुद्रेसह: विबिउस, गवंडी. अंतिस्तिउस, वीटभट्टीवाला. कासेलिउस, सुतार. पेत्रोनिउस, वैद्य. रुब्रिउस, तेलाचा व्यापारी. नोनिउस, शिंपी.

सातवी जागा मोकळी आहे.

स्थळ कापुआ, माझ्या घरची ओसरी. एप्रिलच्या इदसचा, म्हणजे तेराव्या तारखेचा, आदला दिवस.

नुमेरिउस अविलिउस केर्दो