गोंदिया रोडवरची हवेची मशीन

२ सप्टेंबर १९६४, बुधवार

मशीन आली! आली म्हणजे चौघांनी बैलगाडीतून लोटून दुकानासमोर टाकली. खाणीच्या कुणा ठेकेदाराने कधीकाळी टाकून दिलेली, पेट्रोलवर चालणारी हवेची मशीन. एका बाजूला इंजिन, दुसऱ्या बाजूला हवा दाबणारे दोन सिलिंडर, खाली टाकी. सगळ्यावर गंजाचा थर. पुनाराम भंगारवाला म्हणाला, "घेऊन जाय खेमराजभाऊ, हिले तोडता तोडता माहे दोन हातोडे तुटले."

शेजारच्या चहावाल्या शेवंताबाईने कमरेवर हात ठेवून पाहिलं. "हे काय आनलं? तुमचं पंचरचं दुकान हाय का भंगारखाना?"

सांगितलं नाही तिला. काय सांगायचं? धाकटा भाऊ दुलीचंद भिलाईच्या कारखान्यात गेला तेव्हापासून ट्रकचा टायर माझ्याने भरत नाही. हातपंप दोन माणसांचा. समोरासमोर उभं राहून दांडा मारायचा. एकटा मारतो तर अर्ध्यात छाती भरून येते. ड्रायव्हर बघतात, विडी संपवतात आणि पुढच्या दुकानात जातात. कुणाच्या पाया पडणार नाही. मशीन दुरुस्त करीन.

५ सप्टेंबर

इंजिन जाम. प्लग काढून भोकातून घासलेट ओतलं. मुरू दे.

६ सप्टेंबर

नाही फिरलं.

९ सप्टेंबर

अजून नाही. पुन्हा घासलेट.

पाऊस, गिऱ्हाईक नाही. बसल्या बसल्या जूनमधली ती सकाळ आठवत राहिली. दुलीचंद दारात उभा, बूट घातलेले. म्हणाला, "दादा, तू बी चाल. कारखान्यात सब्बन मानसं चालते, फिटर पायजेत त्याहिले." मी म्हणालो, दुकान कोण बघेल? त्याने वाकून बुटाची नाडी पुन्हा बांधली. मग म्हणाला, "मंग मले रोक ना."

नाही रोखलं. थोरल्याने धाकट्याच्या विनवण्या करायच्या? आईबाप गेले तेव्हा तो माझ्या मांडीएवढा होता. माझी बायको रुख्मा पहिल्याच बाळंतपणात गेली, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. त्याला आणखी भात लागला की वाढायला मी उठायचो, मला ताप आला की तो. आता तांदूळ किती घालायचा याचा अंदाज अजून बसत नाही. रोज उरतो.

पत्र नाही. त्याला लिहिता येत नाही, मान्य. पण एवढ्या मोठ्या भिलाईत लिहून देणारा एक माणूस मिळू नये?

१२ सप्टेंबर

फिरलं! हँडलवर सगळं वजन टाकलं तर आधी करकरलं, मग बोटभर हललं, मग पूर्ण चक्कर. "फिरलं रे!" असं मोठ्याने ओरडलो. कुणाला ओरडलो कोण जाणे. दुकानात मीच.

२० सप्टेंबर

टाकीतला गंज काढायला आत बारीक गिट्टी टाकून टाकी रस्त्यावर लोळवली. बसस्टँडवरच्या लोकांना फुकटचा तमाशा. मग पाणी भरून हातपंपाने दाब दिला – फुटायचीच असेल तर पाण्याने फुटू दे, हवेने फुटली तर माझ्यासकट जाईल. फुटली नाही. एका सांध्यातून झिरपते, झाळावी लागेल.

दाब देताना सवयीने तोंडून "एक" निघालं. आमचं तसंच होतं, एक मी म्हणायचो, दोन तो. आज दोनही मीच म्हणालो. शेवंताबाई तिकडून हसली. मलाही हसू आलं, पण घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

१७ ऑक्टोबर, शनिवार

दसऱ्याला नागपूरला जाऊन आलो. दीक्षाभूमीवर केवढी माणसं! आठ वर्षांपूर्वी दुलीचंद माझं बोट धरून आला होता, ओठावर मिशीची रेघही नव्हती. या वेळी मशीनच्या पिस्टनच्या रिंगा आणायच्या होत्या. जुन्या सामानाच्या बाजारात दिवस घालवून मापाच्या मिळाल्या.

खरं लिहायला काय हरकत आहे, वाचणार कोण? रिंगा हे निमित्त होतं. भिलाईची माणसं कुठे उतरली आहेत ते विचारत फिरलो. "जय भीम, कारखान्यातले का?" – "हौ." – "दुलीचंद म्हणून कोणी?" एकजण म्हणाला, "काका, तिथं दुलीचंद ढीगभर हायेत." शेवटी एका पोराची पाठ तशीच दिसली. धावत गेलो, खांद्यावर हात ठेवला. दुसराच निघाला. बिचारा घाबरला.

२५ ऑक्टोबर

इंजिनाला ठिणगी देणारा मॅग्नेटो उन्हात वाळवला, टोकं घासली. ठिणगी पडते का बघायला तार हातात धरून चाक फिरवलं – असा झटका बसला की खांद्यापर्यंत मुंग्या! जूनपासून माझ्या अंगाला कुणी हात लावला असेल तर तो या मॅग्नेटोने.

२९ ऑक्टोबर

व्हॉल्व्ह घासून घासून बोटं सोलली. हळद लावली आहे.

१ नोव्हेंबर, रविवार

सुरू झाली!! हँडलने आधी उलटा झटका देऊन मनगट सुजवलं, मग कार्बोरेटर खोकला, मग धाड-धाड-धाड! असा आवाज की बसस्टँडवरच्या म्हशी उधळल्या. टाकीवरच्या दाबाच्या घड्याळाचा काटा चढत गेला. वर जाऊन सुरक्षेचा व्हॉल्व्ह आपोआप सुटला, फुस्स! जसा सुटायला हवा तसाच.

मी खाली बसलो. शेवंताबाई चहा घेऊन आली. "चालू झाली ना? मंग काहून रडता?"

"धूर गेला डोळ्यात."

"धूर त तिकडं चालला, भाऊ."

या बाईला चहा सोडून भलतेच धंदे!

१० नोव्हेंबर, मंगळवार

असा दिवस दुकानाने कधी पाहिला नाही. बांबूचे ट्रक लायनीने उभे! सकाळी मशीन सुरू केली ती दिवे लागेपर्यंत बंदच केली नाही – बंद केली की पुन्हा सुरू व्हायला नखरे करते. एक चाक झालं की दुसरं. मान वर करायला फुरसत नाही. एक सरदारजी म्हणाला, "उस्ताद, पहले तो तुम दो आदमी मिलके घंटा लगाते थे!" मी म्हणालो, "अब अकेला काफी है." केवढ्या तोऱ्यात म्हणालो! आवाजामुळे ओरडूनच बोलावं लागतं, सगळ्या रस्त्याला ऐकू गेलं असेल.

दुलीचंदा, एकदा येऊन बघ. नुसतं बघ. राहू नको हवं तर.

११ नोव्हेंबर

सकाळी शेवंताबाईने विचारलं, "दुलीचंद कुठं गेला? झोपला का अजून?"

मी म्हणालो, तो तर भिलाईला आहे. म्हणाली, तो काल दुपारी आला होता. पेटी होती, गादीची वळकटी होती. कडुनिंबाखाली पेटीवर बसून तुमच्याकडे पाहत होता. ही मला हाक मारायला निघाली तर त्याने हिचा हात धरला – "हवा भरून राह्यला, बाई. मागून हाक नाई मारत." मग हिच्याकडे बसची गर्दी झाली. नंतर पाहिलं तर निंबाखाली कुणी नाही. हिला वाटलं, घरी गेला.

नियम माझाच. ट्रकच्या चाकाची लोखंडी कडी हवेने सुटली तर माणसाचं डोकं उडवते, म्हणून हवा भरणाऱ्याचं लक्ष काढायचं नाही. लहानपणी एकदा हाक मारली म्हणून मीच त्याच्या कानाखाली दिली होती. हवा थांबली की हाक मारायची. काल हवा थांबलीच नाही.

"काही बोलला?"

"मशीनकडं पाहून म्हने, दादाले चांगला गडी भेटला, बाई. थकत नाही."

दुकान उघडलं नाही. गोंदियाची गाडी पकडतो, पुढे भिलाई. पत्ता माझ्याकडे नाही. कधी विचारलाच नव्हता.